ओशन बीच (सॅन फ्रान्सिस्को) येथे सर्फिंग: पाणी आणि वारा कोणत्या महिन्यात साथ देतात?

फ्रीमाँटकर
सर्फिंग शिकतोय. पॅसिफिकाच्या लिंडा मार किनाऱ्यावर फुटलेल्या फेसावर उभं राहणं जमतंय, न फुटलेली छोटी लाटही अधूनमधून मिळते. आता ओशन बीचचा विचार आहे. लाटांचा अंदाज देणाऱ्या अॅपवर दोन्ही दिवशी '६ फूट' दिसतं, पण एके दिवशी लाटा मवाळ असतात आणि दुसऱ्या दिवशी भिंतीच्या भिंती येतात. असं का होतं? महिना कोणता निवडावा, आणि वेटसूट (थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख) किती मिलिमीटरचा?

मतलई
सप्टेंबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य. दुसरा काळ सुचवणार नाही.

कारण वाऱ्यात आहे. कोकणातल्या शब्दांत सांगायचं तर इथे मतलई वारा हवा, खारा नको. जमिनीवरून येणारा पूर्वेचा वारा लाटेचं तोंड उभं धरतो. समुद्रावरून येणारा वारा तेच तोंड विस्कटून टाकतो. उन्हाळ्यात आतली सेंट्रल व्हॅली तापते आणि समुद्रावरची हवा आत ओढते, म्हणून धुकं आणि दुपारचा वायव्य वारा. शरद ऋतूत ही ओढ कमी होते, पूर्वेचे वारे सुटतात आणि त्याच सुमारास उत्तर पॅसिफिकमधल्या वादळांच्या पहिल्या लाटा पोचू लागतात. पाणीही तेव्हाच वर्षातलं सगळ्यात उबदार, साधारण १४-१५ अंश.

एप्रिल ते जून ऊन बघून फसू नका. वायव्य वारा किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे खोल समुद्राकडे सरकतं आणि त्याच्या जागी तळाचं गार पाणी वर येतं. म्हणून मे महिन्यातलं पाणी बरेचदा जानेवारीइतकंच किंवा त्याहून गार, १०-१२ अंश. या दिवसांत जायचंच असेल तर उजाडताच जा. अकरानंतर वारा सगळं कापून काढतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी तुमच्यासाठी नाही. वादळ येण्याआधी दक्षिणेचा वारा सुटतो, तेव्हा लिंडा मारला दक्षिणेकडच्या पेड्रो पॉइंटचा आडोसा मिळतो. ओशन बीचला आडोसाच नाही.

बोया_वाचक
६ फुटांचं कोडं कालावधीत, म्हणजे एकामागोमाग येणाऱ्या दोन लाटांमधल्या सेकंदांत आहे. उंचीशेजारी लिहिलेले सेकंद बघा.

खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये = १.५६ × सेकंदांचा वर्ग. ८ सेकंदांची लाट सुमारे १०० मीटर लांब, १६ सेकंदांची ४०० मीटर. लांबीच्या निम्म्या खोलीवर लाटेला तळ लागायला सुरुवात होते, म्हणजे पहिलीला ५० मीटरवर आणि दुसरीला २०० मीटरवरच. गोल्डन गेट सामुद्रधुनीच्या तोंडाबाहेर घोड्याच्या नालेच्या आकाराचा वाळूचा मोठा बांध आहे. लांब कालावधीच्या लाटा त्यावर वळतात आणि किनाऱ्याच्या काही भागांवर एकवटतात. म्हणून ६ फूट ८ सेकंद म्हणजे वाऱ्याने उठवलेली खळबळ, आणि ६ फूट १६ सेकंद म्हणजे डोक्याच्या बऱ्याच वरची लाट.

किनाऱ्यापासून सुमारे ३३ किलोमीटरवर ४६०२६ क्रमांकाचा बोया (लाटा मोजणारं तरंगतं यंत्र) आहे. त्याच्या वेबपानावर स्वेल (दूरच्या वादळातून आलेल्या लाटा) आणि जवळच्या वाऱ्याच्या लाटा वेगवेगळ्या दिलेल्या असतात. एकत्र उंचीवर निर्णय घेऊ नका. १६ सेकंदांच्या लाटा तिथून पाऊण तासात किनाऱ्यावर येतात, ८ सेकंदांच्या दीड तासात. निघण्यापूर्वीचा आकडा बघितला की पोचल्यावर काय दिसेल ते कळतं.

पहिल्या काही खेपांसाठी मर्यादा: स्वेल ४ फूट, १२ सेकंदांपर्यंत, पूर्वेचा हलका वारा, पाणी मधल्या पातळीवर आणि भरती चढती. पूर्ण ओहोटीला लाट एका रेषेत धाडकन मिटते, मोठ्या भरतीला फुगून थेट काठावर आदळते. याहून जास्त असेल तर त्या दिवशी लिंडा मार.

फ्रीमाँटकर
मनापासून आभार. आत कुठून शिरायचं? बाहेर जाण्याची वाट दिसतच नाही.

निओप्रीन
कायमची वाट इथे नाही, वाळूचे बांध सरकत राहतात. वीस मिनिटं वाळूवर उभं राहून बघा. जिथे लाटा कमी फुटतात, पाणी गडद दिसतं आणि फेस बाहेर सरकतो, तिथे परतीचा प्रवाह आहे. बाहेर जायला तोच उपयोगी, पण परत येताना त्याच्याशी झुंजू नका. किनाऱ्याला समांतर सरका, मग फेसावर आडवे होऊन या. उत्तर टोकाला, केलीज कोव्हकडे, मोठ्या ओहोटीच्या वेळी जाऊ नका. तिथे गोल्डन गेटची ओढ जाणवते. पाण्यातून दिसणारी खूण धरा. गोल्डन गेट पार्कच्या कडेची मर्फी पवनचक्की चांगली. दर दहा मिनिटांनी किती वाहून गेलात ते तपासा.

सूट: शरदात टोपीसकट ४/३, एरवी ५/४. पहिला आकडा धडाची जाडी, दुसरा हातापायांची. शिवण चिकटवलेली, आतून पट्टी लावलेली हवी. सपाट शिवणीच्या भोकांतून पाणी झिरपतं. कंबरेच्या मागे किंवा काखेत चुणी पडली तर सूट मोठा आहे, प्रत्येक बुडीला गार पाणी आत घुसेल. पायात ३ ते ५ मिलिमीटरचे बूट. फळीवर पाय घसरू नये म्हणून वॅक्स लावतात; गोव्यात वापरतात ते उष्ण पाण्याचं वॅक्स इथे मेणबत्तीसारखं कडक होतं, पाय घसरतो. थंड पाण्याचं वेगळं घ्या.

पाण्यात असताना अंगठा करंगळीला टेकवून बघत राहा. थंडीने बधिरून टेकेनासा झाला की लाट कितीही चांगली असो, बाहेर या.