'लार्व्हा'ला मराठीत अळी म्हणावं का?

म्हापसा: शाळेच्या प्रदर्शनासाठी मराठी फलक लिहितोय. घरच्या काचेच्या टाकीतल्या एका गप्पी माशाच्या शेपटीमागून तांबडे दोरे लोंबू लागले, आखूड, रेशमाच्या धाग्याएवढे. तो कॅमॅलॅनस, माशाच्या आतड्यातला रक्तपित्या गोलकृमी. मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं पाण्यात सोडते. ती पिल्लं सायक्लॉप्स, म्हणजे पाण्यातला एक बारीकसा जीव, गिळतो आणि पुढची वाढ त्याच्या पोटात होते. या पिल्लांना 'अळी' लिहिलं, तर मुलगी विचारते, "भेंडीतली?"

फोंडा: मुलीचं बरोबर आहे. अळी म्हटली की मागाहून कोश आणि फुलपाखरू आलंच. इथं तसलं काही नाही. पिल्लू सायक्लॉप्सचं आतडं भेदून देहगुहेत जातं, तिथं दोनदा कात टाकतं आणि तिसऱ्या अवस्थेत माशाची वाट बघतं. विश्वकोशात 'डिंभ' आहे. संस्कृतात डिंभ म्हणजे मूल, तेव्हा अर्थ चपखल.

डिचोली: चपखल खरा, पण फलकावर लोक 'दंभ' वाचतील! 'पिल्लू' लिहा, खाली एकदा डिंभ. 'कात टाकणे' मात्र सोडू नका, 'निर्मोचन' कुणाला कळणार?

म्हापसा: आणि सायक्लॉप्सला 'मध्यस्थ यजमान' (इंग्रजीतला 'इंटरमीडिएट होस्ट') चालेल?

फोंडा: यजमान नको. आपल्याकडे यजमान देवळात अभिषेकाला बसतो, नाहीतर घरचा नवरा. कृमीला आवतण कोणी दिलं? 'पोषक' बरा. 'मध्यस्थ'ही फसवा आहे. लग्न जुळवणारा नसला तरी लग्न होतं. इथं सायक्लॉप्समधल्या त्या दोन काती टाळून सहसा पुढं सरकता येत नाही. सायक्लॉप्स खाल्लेला लहान मासा मोठ्यानं गिळला आणि कृमी लहान्यात न वाढता नुसता टिकून होता, तर त्या लहान्याला 'वाहक' म्हणा. हा भेद शब्दात दिसायला हवा.

साखळी: नारूचं, माणसाच्या अंगात वाढणाऱ्या त्या लांब कृमीचं, उदाहरण द्या की. त्याच गोत्रातला, तोही सायक्लॉप्समध्ये सुमारे १४ दिवस वाढायचा. म्हणून पाणी फडक्यानं गाळून प्यायचे. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. जुन्या माणसांना डिंभ नको, नारू म्हटलं की पुरे.

म्हापसा: ठरलं: 'पिल्लू (डिंभ)', 'वाढीचा पोषक', आणि सायक्लॉप्ससमोर 'सुंगटाच्या (कोळंबीच्या) दूरच्या भावकीतला'. बायको म्हणाली, यजमान काढलात ते बरं केलंत, टाकी धुवायला तेवढा एक लागतोच.