मदत हवी आहे: रेल्वे इंजिनिअरिंग की साधं सिव्हिल?

भाऊ लोक, धाकटा यंदा जेईई मेन देतोय. नागपूरच्या अजनीत रेल्वे क्वार्टरात वाढलेला पोट्टा, हॉर्न ऐकून इंजिन कोणतं ते सांगतो, आता म्हणतो वडोदऱ्याच्या गतिशक्ती विद्यापीठातच जायचं, 2022 पासून ते सेंट्रल युनिव्हर्सिटी आहे, सिव्हिलमध्ये रेल इंजिनिअरिंग आहे अन् ॲडमिशन जेईई मेनवरूनच होते. बाबा म्हणतात त्या डिग्रीनं रेल्वेत सरळ नोकरी थोडीच लागते, आरआरबीची (रेल्वे भरती बोर्डाची) ज्युनिअर इंजिनिअरची परीक्षा तर द्यावीच लागेल, मग घरी राहून इथल्याच व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिल काऊन नाही? दोघांचंही पटतं, तेच त लफडं. तिथं कोणी शिकलंय का? ट्रॅक, सिग्नलिंग खरंच हाताळायला मिळतं की नुसत्या स्लाइड? प्लेसमेंटला मेट्रोवाले येतात का? मेसमध्ये जेवण कसं आहे तेही सांगा, आई विचारून राहिली.