आडवी लावलेली गाडी आणि तिचा मालक : आपले अनुभव लिहावेत

आपल्या गाडीपुढे कुणीतरी गाडी लावून निघून गेले आहे आणि मालकाचा पत्ता नाही, ही वेळ बहुतेकांवर कधी ना कधी आलेली असते. अशा वेळी मालकापर्यंत कसे पोहोचलात, काय उपयोगी पडले आणि काय पडले नाही, हे सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करतो.

सदाशिव पेठेतील आमच्या जुन्या इमारतीचे फाटक जेमतेम एका गाडीपुरते आहे. गेल्या श्रावणात पहाटे चारच्या सुमारास वडिलांच्या छातीत दुखू लागले, त्यांना धरून खाली आणले, तर फाटकासमोर एक राखाडी गाडी उभी. हॉर्न वाजवला, शेजारी हाका मारल्या, पण कुणी खिडकी उघडली नाही. शेवटी मी वडिलांना रिक्षाने घेऊन गेलो आणि भाऊ मागे थांबला. त्याने मोबाइलचा उजेड काचेवर धरला, तेव्हा कोपऱ्यात पार्किंगचे गोल स्टिकर दिसले : कोथरूडमधील एका सोसायटीचे नाव आणि खाली ‘बी-३०४’. सोसायटीच्या फाटकावरचा क्रमांक इंटरनेटवर मिळाला, वॉचमनने इंटरकॉमवरून त्या घरच्यांना उठवले, तेव्हा कळले की गाडी नेणारा मुलगा आमच्याच समोरच्या इमारतीत मित्राकडे झोपला होता. वडिलांवर उपचार वेळेत झाले. पण रिक्षा शोधण्यात गेलेली ती दहा मिनिटे मी विसरू शकत नाही.

नाशिक :
एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला की मालकाचा फोन मिळतो, असा अनेकांचा समज आहे. तसे होत नाही. फोन तर नाहीच, नावाचीही काही अक्षरे झाकलेली असतात. मला मात्र त्या अर्धवट नावाचा उपयोग झाला, कारण गल्लीतील इस्त्रीवाल्याने ती अक्षरे पाहून लगेच घर दाखवले.

गिरगाव, मुंबई :
आमच्याकडे जागाच नसल्याने दुहेरी रांग लागते आणि मागे गाडी लावणारा ती न्यूट्रलमध्ये ठेवून, चाके सरळ करून, हँडब्रेक न ओढता जातो, म्हणजे दोघांनी ढकलली की वाट मोकळी होते. सपाट रस्त्यावर ही सोय वर्षानुवर्षे चालत आली. आता ऑटोमॅटिक गाड्या वाढल्या आहेत. त्या ‘पार्क’मध्ये अडकलेल्या असतात आणि कितीही जोर लावला तरी हलत नाहीत. अशी गाडी असणाऱ्याने तरी आपला क्रमांक काचेमागे ठेवायलाच हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोल्हापूर :
मंगल कार्यालयात ध्वनिक्षेपकावरून नुसता क्रमांक पुकारून कुणी उठत नाही, कारण आलेल्या पाहुण्यांना आपल्या मामाच्या गाडीचा क्रमांक ठाऊक नसतो. मी व्यवस्थापकाला सांगून ‘पांढरी गाडी, मागच्या काचेवर ज्योतिबाचे चित्र’ असे पुकारायला लावले, तेव्हा दुसऱ्या पंगतीतून एक गृहस्थ हात धुऊन धावत आले.

ठाणे :
क्रमांक लिहून ठेवण्याचा आग्रह धरताना स्त्रियांची अडचण लक्षात घ्यावी. मी दोन वर्षे डॅशबोर्डवर चिठ्ठी ठेवली आणि रात्री-अपरात्री येणाऱ्या अनोळखी फोनमुळे ती काढून टाकली. आता क्यूआर कोडचे स्टिकर लावले आहे. कोड स्कॅन करणाऱ्याचा फोन मला लागतो, पण माझा क्रमांक त्याला दिसत नाही.

डोंबिवली :
मालक सापडलाच नाही तर, रस्त्यावरील गाडीबाबत वाहतूक पोलिसांना कळवता येते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ नुसार बेवारस सोडलेली किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याच्या आदेशाने हलवता येते. आमच्या बोळात मात्र टोइंगची गाडी शिरेना, त्यामुळे चलान झाले आणि गाडी जागच्या जागी राहिली.

सातारा :
माझ्या गाडीमागे लावलेल्या जुन्या गाडीच्या काचेत कॅलेंडरचा फाडलेला कागद होता. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते : ‘समोरच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर आहे. निःसंकोच बोलवा.’ फोन क्रमांक नव्हता. वर गेले, तर एक आजोबा आजींच्या पायाचे ड्रेसिंग चालू असताना त्यांचा हात धरून बसले होते. त्यांना उठणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मी त्यांची गाडी बाजूला घेतली आणि किल्ली वर नेऊन दिली.