परदेशात छोट्या शेतांवर राहून काम: यजमान कसा निवडावा, व्हिसाचं काय?

पायवाट:
नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी तीनेक महिने सवड काढून परदेशात, कुटुंबाने चालवलेल्या छोट्या शेतांवर राहायचा विचार आहे. राहणं-जेवण त्यांच्याकडे, बदल्यात रोज काही तास काम, पैशाची देवाणघेवाण नाही. शेतीची सवय नाही, पण अंग चोरायचीही नाही. 'आयुष्य बदलून गेलं' छापाचे लेख ढीगभर वाचून झाले, त्यात कामाची माहिती चिमूटभर. तेव्हा जाणकारांनी नेमकं सांगा: कोणामार्फत जावं, यजमानाला काय विचारावं, पर्यटक व्हिसावर हे चालतं का, आणि तिथे गेल्यावर प्रत्यक्षात काय काम पडतं?

बांधावरचा:
यातली सगळ्यात जुनी व्यवस्था म्हणजे वूफ. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतावर मदतीला जाण्यापासून ती सुरू झाली. आज बहुतेक देशांची वूफ संघटना वेगळी आहे, त्यामुळे सभासदत्वही साधारणपणे देशागणिक वेगळं घ्यावं लागतं. इथे फक्त सेंद्रिय किंवा त्याच वळणाची शेती असते. वर्कअवे आणि हेल्पेक्स या संकेतस्थळांवर एकाच सभासदत्वात अनेक देश मिळतात, पण त्यात वसतिगृहाची साफसफाई, मुलं सांभाळणं, घरदुरुस्ती असंही काम येतं. शेतीच करायची असेल आणि एकाच देशात राहायचं असेल तर वूफ घ्या. तीन महिन्यांत चार देश डोक्यात असतील तर आधी ते डोक्यातून काढा. एका शेतावर दोन आठवड्यांपेक्षा कमी राहणारा माणूस यजमानाला महागात पडतो. त्याला काम शिकवून होईपर्यंत त्याची निघायची वेळ झालेली असते. तीन महिन्यांत तीन, फार तर चार शेतं पुरेत.

वेळेचा अंदाज: दिवसाला ४ ते ६ तास, आठवड्याला ५ दिवस, म्हणजे साधारण २० ते ३० तास. याच्या वर जाणारा यजमान फुकट मजूर शोधतोय, मग त्याच्या पानावर 'आमच्याकडे सगळे घरच्यासारखे' असं कितीही लिहिलेलं असो.

पहिला निरोप आठ-दहा ओळींचा असावा. त्यांच्या पानावरची एखादी ठोस गोष्ट (शेळ्या, बियाण्यांची बाग, पावाची भट्टी) धरून लिहा, म्हणजे तोच मजकूर पन्नास जणांना धाडलेला नाही हे कळतं. तारखा, किती दिवस राहणार, काय येतं, काय येत नाही, काय खात नाही, कशाची ॲलर्जी आहे, गाडी चालवता येते का, एवढं हवंच. 'काहीही करेन' लिहू नका. यजमानाच्या दृष्टीने त्याचा अर्थ 'काहीच ठाऊक नाही' असा होतो. एका वेळी पाच-सहा जणांना लिहा आणि एक पक्का झाला की उरलेल्यांना त्याच दिवशी नकार कळवा.

होकार आला की हे लेखी विचारून घ्या: रोजचे तास किती आणि सुरुवात कधी, सुट्टीचे वार कोणते, झोपायची जागा कुठली (घरातली खोली, कॅरॅव्हॅन की तंबू), ती तापवायची सोय आहे का, सुट्टीच्या दिवशीचं जेवण धरलंय का, त्या वेळी आणखी किती स्वयंसेवक असतील, जवळचा बसथांबा किती दूर आणि रविवारी बस असते का. शेवटचा प्रश्न लोक हमखास विसरतात. निघून यायची वेळ आली की नेमका तोच नडतो.

अभिप्राय वाचताना काय लिहिलंय यापेक्षा काय गाळलंय ते बघा. दहा जणांनी निसर्गदृश्याचं कौतुक केलंय आणि जेवणाबद्दल एकानेही चकार शब्द काढलेला नाही, तर समजून जा.

शिक्कामोर्तब:
वरचं सगळं बरोबर, पण क्रम उलटा आहे. आधी व्हिसा, मग यजमान, मग तिकीट. पैसे घेत नाही म्हणजे ते काम नव्हे, हा गैरसमज सगळ्यात जास्त लोकांना बुडवतो. बऱ्याच देशांच्या कायद्यात जेवण-निवारा हाच मोबदला धरतात.

न्यूझीलंडमध्ये तर हे स्पष्टच आहे: राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेलं शेतकाम म्हणजे काम, त्यासाठी वर्किंग हॉलिडे (तरुणांना फिरता फिरता काम करू देणारा व्हिसा) किंवा कामाची परवानगी देणारा दुसरा व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये पर्यटकाला एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, पण ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी. खासगी शेत त्यात बसत नाही. कॅनडात थोडी सवलत आहे. मुख्य हेतू पर्यटन असेल, शेत व्यापारी नसून घरापुरतं असेल आणि मुक्काम १ ते ४ आठवड्यांचा असेल तर वर्क परमिटशिवाय चालतं, त्यापुढे परमिट लागतं. ऑस्ट्रेलियात दुसऱ्या वर्षीच्या वर्किंग हॉलिडे व्हिसासाठी ८८ दिवसांचं ठरावीक काम दाखवावं लागतं. २०१५ पासून त्यात बिनपगारी स्वयंसेवेचे दिवस मोजत नाहीत, तरी 'दिवस भरून देतो' सांगणारे यजमान अजून भेटतात. शेंगेनमध्ये (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत) कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस ही मर्यादा आहेच, शिवाय कामाचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे. त्यामुळे 'युरोपात चालतं' या वाक्याला काही अर्थ नाही.

नियम बदलतात. अर्ज करायच्या आठवड्यात त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याचं पान स्वतः वाचा. संस्थेचं सभासदत्व म्हणजे व्हिसा नव्हे. पैसे भरले की सभासदत्व मिळतं, तुमच्या कागदपत्रांकडे कोणी बघत नाही.

पायवाट:
धन्यवाद, हे फारच कामाचं आहे. मग पर्यटक व्हिसाच्या अर्जाला यजमानाचं पत्र जोडावं की नको? काही ठिकाणी 'मित्राकडे जातोय म्हणून सांगा' असा सल्ला वाचला.

शिक्कामोर्तब:
तो सल्ला देणारा तुमच्याबरोबर विमानतळावर नसतो. सीमेवरचे अधिकारी फोन तपासू शकतात, आणि 'सकाळी सातला शेळ्या, मग तण' असा यजमानाचा निरोप सापडला की मित्राची गोष्ट तिथेच संपते. खोटं बोलल्याची नोंद पुढच्या अर्जांनाही चिकटते. त्या देशात त्या व्हिसावर हे चालत असेल तर पत्र उघडपणे जोडा. त्यात मुक्कामाच्या तारखा, पूर्ण पत्ता आणि कामाचं स्वरूप असू द्या. चालत नसेल तर देश बदला. आणि परतीचं तिकीट व मुक्कामाला पुरतील एवढे पैसे दोन्ही दाखवता आले पाहिजेत. फुकट राहणार म्हणून खिसा रिकामा, असं चित्र अधिकाऱ्याला मुळीच आवडत नाही.

गवताळ:
आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. नवख्याच्या वाट्याला सर्वांत जास्त येतं ते तण काढणं. त्यातही रीत आहे. लांब दांड्याचं खुरपं उभ्याने, पाठ सरळ ठेवून, दोन्ही अंगठे वर रोखून धरायचं आणि पातं मातीखाली जेमतेम १-२ सेंटिमीटर सरकवायचं. खोल गेलात तर दोन तोटे: पिकाची मुळं तुटतात, आणि खाली निजलेलं तणाचं बी वर येऊन आठवड्याभरात पुन्हा उगवतं. वेळ निवडा कोरड्या, उन्हाच्या सकाळची. तण दोऱ्याएवढं असताना कापलं तर दुपारपर्यंत सुकून जातं. तेच ओल्या मातीत केलंत तर उपटलेलं तण तिथेच पुन्हा मूळ धरतं आणि दिवस वाया. गाजराच्या वाफ्यात खुरपं फक्त ओळींच्या मधे चालवायचं, ओळीतलं तण बोटांनीच काढायचं. गाजर कुठलं आणि तण कुठलं हे पहिल्या दिवशी यजमानाकडून दाखवून घ्या, ओळ साफ करून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

फाटकाचा नियम जगभर एकच: उघडं दिसलं तर उघडं सोडा, बंद दिसलं तर बंद करा. उघड्या फाटकातून जनावरं पाण्यावर जात असतात. ते 'विसरलं असेल' म्हणून लावून टाकलंत तर कळप दिवसभर तहानलेला राहतो.

विजेच्या कुंपणाला गवत टेकलं की करंट जमिनीत उतरतो आणि कुंपणाचा झटका कमी होतो, म्हणून खालचं गवत कापायचं काम बहुतेक वेळा पाहुण्यावर येतं. आधी यंत्र बंद झालंय याची खात्री करा, मगच विळा घाला.

हंगाम बघूनच जागा ठरवा. भूमध्य समुद्राकाठी ऑक्टोबर ते डिसेंबर ऑलिव्हची तोडणी असते: झाडाखाली जाळी अंथरायची, लांब फणीने फांद्या विंचरायच्या, पानं-काटक्या निवडून फळ हवेशीर क्रेटमध्ये भरायचं. पोत्यात दाबून भरलं तर ते तापून आंबू लागतं आणि तेलाची चव जाते, म्हणून शक्यतो २४ तासांत घाण्यावर पोचवायची घाई असते. अशा दिवसांत चार तासांचे सात होतात. हे आधी बोलून, नंतर सुट्टी देऊन भरून काढलं तर गैर काही नाही. उत्तर गोलार्धात द्राक्षतोडणी साधारण सप्टेंबरच्या आसपास. तिथे कात्रीची जखम बहुधा दुसऱ्या हाताच्या बोटाला होते, कारण घड धरलेलं बोट पानाआड दिसत नाही.

जनावरांचं काम मागून घेण्याआधी विचार करा. शेळीची धार सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी काढावी लागते, रविवारीही. पहिल्या एक-दोन चिळकांड्या वेगळ्या भांड्यात काढून गुठळी किंवा रक्त दिसतंय का ते बघायचं, मग मुख्य भांडं लावायचं. आणि गरोदर बायकांनी मेंढ्या वितात त्या काळात तिकडे जाऊच नये. त्यातून होणारे संसर्ग पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतात.

कात्रीधार:
एक भर: विमा. साध्या प्रवास विम्यात श्रमाचं काम पुष्कळदा वगळलेलं असतं. पॉलिसीत शेतकामाचा उल्लेख शोधा, नसेल तर कंपनीला लेखी विचारा. असला तरी ट्रॅक्टर, चेनसॉ (लाकूड कापायची यंत्रकरवत) आणि शिडीवरचं काम यांना पुष्कळदा अपवाद असतो, म्हणून यजमानाने हातात चेनसॉ दिला तर सरळ नाही म्हणा. धनुर्वाताची लस १० वर्षांत घेतलेली असावी. मातीने माखलेली खोल जखम झाली आणि लसीला ५ वर्षं उलटून गेली असतील तर डॉक्टरकडे जायचंच.

युरोप आणि उत्तर अमेरिकेत उंच गवतात गोचीड चिकटते. रोज संध्याकाळी काखा, गुडघ्यामागची बाजू, जांघा आणि केसांची कड तपासा. दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडीपेटी, नेलपॉलिश असले प्रकार नकोत, त्यात वेळ जातो. लाइम या गोचिडीतून होणाऱ्या आजाराचा जंतू अंगात जायला गोचीड बहुधा २४ तासांहून जास्त चिकटलेली असावी लागते. ३ ते ३० दिवसांत पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरला गाठा आणि गोचीड चावल्याची तारीख सांगा.

बांधावरचा:
बिनसलं तर काय, ते राहिलं. तास वाढत असतील तर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच, लेखी ठरलेलं दाखवून शांतपणे बोला. बरेच यजमान हंगामाच्या धांदलीत विसरतात, सगळे लबाड नसतात. पण पासपोर्ट ठेवून घेणं, 'अनामत' मागणं, झोपायची खोली ऐन वेळी बदलून भलत्याबरोबर देणं, यांवर चर्चा करत बसायचं नाही, बॅग उचलायची. त्यासाठी तीन-चार रात्रींच्या खोलीचे आणि शहरापर्यंतच्या प्रवासाचे पैसे वेगळे ठेवा आणि घरच्या एकाला शेताचा पूर्ण पत्ता देऊन ठेवा. निघाल्यावर संस्थेला कळवा, नुसता अभिप्राय लिहून थांबू नका.

पायवाट:
सगळ्यांचे आभार. बूट नवे घ्यावेत की तिथे मिळतात?

गवताळ:
गमबूट शेतावर असतात, तुमच्या मापाचे असतीलच असं नाही. घोट्यापर्यंतचे चामडी बूट स्वतःचे न्या आणि निघण्याआधी दोन-तीन आठवडे रोज घालून मऊ करा. एका शेतावरून दुसऱ्या देशात जाताना तळव्यातली माती ब्रशने खरवडून, धुऊन, वाळवून मगच बॅगेत टाका. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये शेतावर वापरलेले बूट आगमनाच्या फॉर्मवर जाहीर करावे लागतात. जाहीर केले तर बहुतेक वेळा बघून परत देतात, लपवले तर जागेवर दंड होतो.