तोटा आणि घसारा यांपैकी ‘जे कमी ते’: मॅटचा (किमान पर्यायी कराचा) हा नियम न्याय्य आहे का?

मूळ मुद्दा (लेखापाल, उद्यमबाग, बेळगाव)

मी ज्या फाउंड्रीचे हिशेब पाहतो, तिने जुनी क्युपोला भट्टी मोडून विजेवर चालणारी इंडक्शन फर्नेस बसवली आणि पहिल्याच वर्षी 70 लाखांचा तोटा दाखवला, त्यात 60 लाख निव्वळ घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी खर्ची टाकलेली रक्कम, होता. 2025-26 मध्ये तेवढाच, म्हणजे 70 लाखांचा पुस्तकी नफा झाला. जुना खड्डा बुजला, इतकेच. आयकराच्या हिशेबातला घसारा पुस्तकातल्यापेक्षा जास्त असल्याने नेहमीच्या आकारणीत कर शून्य येतो. परंतु तरीही कंपनीला पुस्तकी नफ्यावर मॅट भरावा लागतो, आणि त्याविषयी 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 115 जेबी सांगते की मागच्या वर्षांचा घसारा वगळून उरलेला तोटा आणि न शोषलेला (नफा अपुरा पडल्याने वळता न झालेला) घसारा यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच वजा करावी. म्हणजे फक्त 10 लाख. राहिलेल्या 60 लाखांवर 15 टक्के, उपकर धरून 9 लाख 36 हजार. तोट्याच्या त्या पहिल्या वर्षी घसाऱ्यापूर्वी रुपयाभर जरी नफा असता तर तोटा शून्य ठरून वजावटही शून्य झाली असती. यंत्रात पैसा घालणाऱ्यालाच हा नियम गाठतो, असे माझे मत आहे.

प्रतिसाद (सनदी लेखापाल, निपाणी)

लेखापालसाहेब, आपले गणित बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. भागधारकांना लाभांश वाटायचा आणि सरकारपुढे शून्य उत्पन्न दाखवायचे, हा प्रकार थांबवण्यासाठी 1987 च्या वित्त कायद्याने 115 जेबीचा पूर्वज असलेले कलम 115 जे आणले. ‘जे कमी ते’ हे मापही प्राप्तिकर खात्याच्या डोक्यातून निघालेले नाही. लाभांश जाहीर करण्यापूर्वी किती तोटा भरून काढायचा, याविषयी 1956 च्या कंपनी कायद्याच्या कलम 205 मध्ये जी कसोटी होती, तीच येथे घेतली गेली. शिवाय मार्च 2026 पर्यंतच्या नियमांनुसार भरलेला मॅट बुडत नव्हता, त्याचे क्रेडिट (पुढच्या करातून वळते करून घेण्याची सवलत) 15 वर्षे पुढे नेता येत होते.

मूळ लेखकाचे उत्तर

ज्या मुळावर हे माप उभे होते ते मूळच आता उरलेले नाही. 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 123 नुसार, 2015 च्या दुरुस्तीनंतर, मागील तोटा आणि न दाखवलेला घसारा हे दोन्ही चालू नफ्यातून वळते केल्याखेरीज लाभांश जाहीर करता येत नाही. लाभांशासाठी दोन्ही आणि करासाठी फक्त लहान आकडा, याला काय म्हणावे? त्याहून बोचणारी गोष्ट 2018 च्या दुरुस्तीत आहे. जिची दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल करून घेतली गेली आहे, त्या कंपनीला तोटा आणि घसारा यांची बेरीज वजा करता येते, पण बँकेचे हप्ते तारखेला भरणाऱ्याला ती मिळत नाही. क्रेडिटवर व्याज मिळत नाही आणि भंगार लोखंडाचा व्यापारी क्रेडिट बघून माल उतरवत नाही.

प्रतिसाद (सुटे भाग बनवणारा उद्योजक, मच्छे)

दादा, आपण दोघे जुन्याच विहिरीत डोकावत आहात. सवलतीच्या दराचा पर्याय देणारे कलम 115 बीएए स्वीकारले की दर 22 टक्के, अधिभार आणि उपकरासह सुमारे 25.17 टक्के पडतो आणि मॅट लागतच नाही. आमच्या कंपनीने तेच केले. (आमच्या आसपासची कित्येक युनिटे भागीदारीची आहेत, त्यांना 115 जेबी लागूच नाही, तरी चहाच्या टपरीवर मॅटला शिव्या तेच जास्त घालतात.)

मूळ लेखकाचे उत्तर

हा मुद्दा मान्य आहे. माझी हरकत नियमाच्या मापाला आहे, ती या पर्यायाने मिटत नाही, पण मालकांना सल्ला देताना मीही हाच रस्ता दाखवणार आहे. अडचण एवढीच की जुन्या तोट्यातला, नव्या यंत्रांवर मिळालेल्या अतिरिक्त घसाऱ्याचा भाग सोडावा लागतो, पूर्वी साठलेले 18 लाखांचे मॅट क्रेडिट जाते आणि एकदा निवडलेला पर्याय मागे घेता येत नाही. त्या 18 लाखांवर मालक अजून अडून बसले आहेत. विवरणपत्राच्या मुदतीआधी हा पर्याय निवडण्याचा फॉर्म 10-आयसी भरायचा आहे, तोपर्यंत त्यांच्यापुढे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडून ठेवतो.