मदत हवी आहे: स्पॅनिशमधला 'पेंदेखो' नक्की किती जड?

बी-१ (मध्यम पातळी) पर्यंत स्पॅनिश झालंय. टीममध्ये मेक्सिकोची आणि अर्जेंटिनाची, दोन्हीकडची माणसं आहेत. काल अर्जेंटिनाचा सहकारी धाकट्या भावाला लाडानं 'पेंदेखो' म्हणाला. मेक्सिकोत मात्र तो सरळ 'मूर्ख', तोही शिवीच्या अंगानं. स्पेनच्या अकादमीचा कोश पाहिला: मूळ अर्थ जांघेतला केस (!), शिवाय भित्रा, मूर्ख; अर्जेंटिनात पोरगा, पेरूत बेरकी. अर्थ कळले, वजन नाही कळलं. शिक्षिकेला विचारायचा धीर होत नाही. मला स्वतःला वापरायचा नाहीये, ऐकला तर हसावं की गप्प बसावं एवढंच हवंय.

मेक्सिकन माणूस ऑफिसातल्या मित्राला 'नो ते आगास पेंदेखो' (मूर्ख असल्याचं सोंग घेऊ नकोस) म्हणतो, ते आपल्या 'वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस'इतकं हलकं असतं, की चांगलंच बोचरं?