महिन्यातून एकदा निघणारी गाडी दारात कशाला ठेवायची?

कर्वेरोडवाली: काल इथे कोणीतरी लिहिलं, 'घरात म्हातारी माणसं असून गाडी न घेणारे बेजबाबदार.' डोकंच फिरलं. आम्ही मेट्रोने, रिक्षाने फिरतो, आईबाबांचं काही अडत नाही. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला वनटाइम टॅक्सच 11 टक्क्यांपासून सुरू, विमा दरवर्षी, आणि गाडी चालवा नाहीतर झाकून ठेवा, पाचव्या वर्षी विम्यातली किंमत निम्म्यावर. कशासाठी एवढं?

धायरीकर: ताई, तुमच्या दारात मेट्रो आहे, आमच्या नाही. रात्री वडिलांना धाप लागली तेव्हा ॲपवरचा एक कॅन्सल करतो, दुसरा 'कुठे जायचंय' विचारून कॅन्सल करतो, शेवटी मीच गाडी काढली. ते हिशोबात कुठे बसवता?

कर्वेरोडवाली: धाप लागलेल्या माणसाला मागच्या सीटवर घालून न्यायचं? 108 ला फोन करा, ऑक्सिजन असतो त्यात. आणि महिनाभर उभी असलेली गाडी ऐनवेळी सेल्फ मारेलच कशावरून? आमच्या शेजाऱ्यांची बॅटरी बसली होती, वर उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं.

तिसरा_मजला: या झाकलेल्या गाड्यांनीच आमच्या सोसायटीची वाट लावलीय! कव्हरवर बोटभर धूळ, टायर बसलेले, आणि मी रोज ऑफिसवरून येऊन रस्त्यावर जागा शोधतो.

धायरीकर: पार्किंग विकत घेतलंय मी, बिल्डरची पावती आहे. गाडी झाकीन नाहीतर धुवीन.

माजी_सेक्रेटरी: कसलं पार्किंग, स्टिल्टचं, म्हणजे इमारतीखाली खांबांमधलं? 2010 लाच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, स्टिल्ट किंवा उघडं पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, ते सोसायटीचं. अशा पावत्यांपायी मी कमिटीत असताना शिव्या खाल्ल्यात.

धायरीकर: मग माझे पैसे कोण परत देणार, तुम्ही? दहा वर्षं कोणी बोललं नाही, आता कायदा आठवला!

कर्वेरोडवाली: अहो, मूळ विषय गाडीचा आहे.

धायरीकर: बरं, 108 चं मान्य. पण गणपतीला आईला घेऊन कोकणात जायचंय, रेल्वेचं कन्फर्म तिकीट तुम्ही काढून देता का?

कर्वेरोडवाली: तेवढ्यापुरती स्वतः चालवायची गाडी भाड्याने घ्या की. फक्त काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं बघून घ्या, ओळखीतली पांढऱ्या पाटीची नको, अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. लांबचं गाव आणि घरात आजारी माणूस असेल तर ठेवा बाबा गाडी, पण आम्हाला बेजबाबदार म्हणू नका.

तिसरा_मजला: सेक्रेटरीसाहेब, त्या निकालाची कॉपी पाठवा, जनरल बॉडीला लेखी विषय टाकतो.